मदत हवी आहे: लो-प्रोफाइल मॅग्नेटिक कीबोर्डवर गेमिंग आणि मराठी टायपिंग दोन्ही जमतं का?

मंडळी, माझ्या जुन्या मेकॅनिकल कीबोर्डने आता राम म्हटलाय. 'क' एकदा दाबला तरी 'कक' उमटतं. स्विच (बटणाखालचा दाबला जाणारा भाग) काढून साफ केला, चार दिवस बरा चालला, मग ये रे माझ्या मागल्या. आत धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, त्या झिजल्या की असं होणारच. म्हणून या वेळी मॅग्नेटिक, म्हणजे हॉल इफेक्टवाला घ्यावा असं डोक्यात आहे. त्यात टेकण्यासारखं काही नसतं. दांडीत चुंबक, खाली सेन्सर, चुंबक किती जवळ आलं ते सेन्सर मोजतो. बटण किती खाली गेलं की अक्षर उमटावं (अ‍ॅक्चुएशन), हे त्यामुळे आपणच ठरवायचं.

माझा वापर असा: दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची बटणांची प्रमाण मांडणी) मराठी टायपिंग, रात्री तासभर काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा गेम. मनगट दुखतं, म्हणून लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचा हवा. उंच कीबोर्डवर हात वर वाकवून ठेवावा लागतो, तेच मला सोसत नाही.

मित्राचा लो-प्रोफाइल मॅग्नेटिक आठवडाभर मागून आणलाय. त्याने सगळी बटणं ०.२ मिमीवर ठेवून रॅपिड ट्रिगर चालू केलाय. खेळताना तर मजाच आली. एरवी बटण ठरावीक उंचीच्या वर आल्याशिवाय सुटलं असं धरलं जात नाही. इथे बोट जरा वर आलं की सुटलं. डावीकडे पळता पळता थांबायचं, उलट बटणाला टिचकी मारायची आणि गोळी झाडायची, हे मला दोन वर्षं नीट जमत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी जमायला लागलं.

सकाळी कामाला बसलो आणि सगळं मुसळ केरात. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताची बोटं जिथे विसावतात त्या ए, एस, डी, एफवर अनुक्रमे ओकार, एकार, हलन्त आणि पहिली वेलांटी आहे. म्हणजे बोट नुसतं टेकलं तरी मात्रा! 'बदल' लिहायला गेलो तर 'बद्ल'. मध्येच एखादी वेलांटी टिंबांच्या गोलावर एकटीच बसलेली. त्यातून खेळताना लागणारी डब्ल्यू-ए-एस-डी ही चारही बटणं मराठीत मात्रा आणि हलन्ताचीच. जी बटणं गेमसाठी सर्वांत हलकी हवीत, नेमकी तीच लिहिताना जड हवीत. रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचून हे कळायला मार्गच नव्हता.

तर जाणकारांनी सांगावं: दोन प्रोफाइल (सेटिंगचे संच) करून रोज अदलाबदल करणं खरंच निभतं का, की चार दिवसांनी कंटाळा येतो? शिवाय ८००० हर्ट्झ पोलिंगला (कीबोर्डने सेकंदाला ८००० वेळा कॉम्प्युटरला खबर देणं) काही अर्थ आहे का?

प्रतिसाद:
निभतं, पण प्रोफाइल कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहायला हवं आणि एफएन धरून एका बटणाने बदलता यायला हवं. सॉफ्टवेअर उघडून बदलायचं असेल तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. टायपिंगसाठी रॅपिड ट्रिगर सरळ बंद करा, थरथरत्या बोटाला तो दोनदा दाबल्यासारखं धरतो. मग तुमचं 'कक' पुन्हा हजर, फक्त कारण वेगळं! गेमच्या प्रोफाइलमध्येही फक्त ती चार बटणं हलकी करा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि सेटिंग ब्राउझरमधून होत असेल तर क्रोमसारखा ब्राउझर ठेवा, फायरफॉक्समध्ये बहुतेक वेळा कीबोर्ड दिसतच नाही.

प्रतिसाद:
८००० हर्ट्झच्या मागे लागू नका. १००० हर्ट्झला कीबोर्डची खबर दर १ मिलिसेकंदाला जाते, ८००० ला ०.१२५ ने. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेमच सुमारे ७ मिलिसेकंदांची असते. हिशोब तुम्हीच करा.

खरा प्रश्न बटण किती खोल जातं याचा आहे. नेहमीच्या स्विचचा प्रवास ४ मिमीच्या आसपास, लो-प्रोफाइलचा साधारण ३. इथे टायपिंगला २ मिमी ठेवलंत तर अक्षर उमटल्यावर खाली फारशी जागा उरत नाही, बोटं तळावर आपटतात. १.४-१.५ पासून सुरुवात करा. आणि स्विच नंतर बदलू असं मनात असेल तर त्या कीबोर्डला कोणते स्विच चालतात याची यादी आधी बघा. मेकॅनिकल स्विच त्यात चालत नाहीत, दुसरा मॅग्नेटिक घातला तरी चुंबकाची दिशा आणि ताकद जुळावी लागते, वर पुन्हा कॅलिब्रेट करावं लागतं (सेन्सरचं माप नव्याने जुळवावं लागतं).

प्रतिसाद:
एक सावधगिरी. ए आणि डी एकत्र दाबले तर शेवटचंच धरायचं, अशी सोय बऱ्याच कीबोर्डांत असते. ती बंद ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये असल्या मदतीवर बंदी घातली, चालू सापडली तर सामन्यातून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगर त्यात येत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. ती सोय मित्राने चालूच ठेवली होती! लगेच बंद केली. (म्हणजे पहिल्या संध्याकाळच्या माझ्या पराक्रमात तिचा वाटा किती, हे विचारू नका. रॅपिड ट्रिगर एकट्याने चालवून काल पुन्हा खेळलो. फरक आहे, पण तेवढा नाही.)

टायपिंगचं प्रोफाइल १.५ वर केलं, रॅपिड ट्रिगर बंद. आज चार पानं लिहिली. हलन्त कुठे घुसला नाही, पण वेलांटी दोनदा आली, कारण एफच्या उंचवट्यावर तर्जनी टेकवून विचार करत बसायची मला सवय आहे. तेवढं एकच बटण १.८ वर नेलंय. मनगटाला आराम आहे, बोटांची टोकं मात्र संध्याकाळी ठणकतात. लो-प्रोफाइलवर तळाला आपटणं कमी करायला कुणी काय केलंय? जरा जड स्प्रिंग घेऊन फायदा होतो का? रविवारी कीबोर्ड परत द्यायचाय, त्याआधी कळलं तर बरं.