गोव्याच्या पावसाळ्यात तैलरंगासाठी कॅनव्हास की बोर्ड?

माशेलकरीण:
जून लागला की आमच्या घरात कॅनव्हास ढिला पडतो, मागून बुरशीचे ठिपके येतात. आता एकांच्या दिवाणखान्यासाठी २ बाय ३ फुटांचं तैलचित्र करायचं आहे. कॅनव्हास घेऊ की बोर्ड? ॲक्रिलिकलाही तेच चालेल?

डिचोलीकर:
लिनन घ्या. महाग पडतं, पण सुती कापडापेक्षा धागा मजबूत.

म्हापशाचा रंगारी:
ताई, लिनन मजबूत खरं, पण दमट हवेत तेही पाणी ओढतंच. आमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो, तिथे कापडाचं काय घेऊन बसलात! आधी रंग कुठला ते बघा. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि पुढे वर्षानुवर्षं कडकच होत जातं. खालचं कापड सारखं सैल-ताठ होत राहिलं की त्याला तडे जातात. ॲक्रिलिकचा थर लवचिक राहतो, त्याला कापड मानवतं. म्हणून तैलरंगाला मी बोर्डच सांगेन. साळगावात जन्मलेल्या चित्रकार एफ. एन. सौझांनी कितीतरी तैलचित्रं बोर्डवर केली, १९५५ सालचं ‘बर्थ’सुद्धा. अर्थात ते तेव्हा लंडनला होते, तिथली हवा वेगळी.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घेतलंत तर कडा सांभाळा. पाणी तिथूनच शिरतं आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. पुढून, मागून आणि चारी कडांना जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, द्या, त्याच्या दोन थरांच्या मध्ये हलका पॉलिशपेपर मारा. एवढा मोठा बोर्ड वाकू नये म्हणून सुताराकडून मागे पट्ट्यांची चौकट चिकटवून घ्या.

माशेलकरीण:
कोरं कापड शिल्लक आहे, ते जेसोशिवाय वापरलं तर? आणि खालचा थर ॲक्रिलिकचा केला तर?

म्हापशाचा रंगारी:
कोऱ्या कापडावर तैलरंग अजिबात नको. तेल धाग्यात मुरतं आणि कापड हळूहळू कुजतं. ॲक्रिलिक मात्र कोऱ्या कापडावर चालतं. खाली ॲक्रिलिक, वर तेल हेही चालेल, फक्त खालचा थर पातळ, पूर्ण सुकलेला हवा, तुळतुळीत नको. उलटं कधीच करू नका, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात.

आणि चित्र भिंतीला टेकवून टांगू देऊ नका. चौकटीच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागून वारा खेळू दे.