जिप्सी उचलली आणि थरथर लागली: पिनियन वर की खाली?

यवतेश्वरचं वळण:
गाडी मारुतीची १३०० जिप्सी. लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी पट्टी) आणि स्प्रिंगचा एक जादा पाटा टाकून २ इंच उचलली. बामणोलीच्या बाजूला पोट कुठेच घासलं नाही, खूश होतो. हायवेला लागलो आणि ६० ते ७५ च्या मध्ये सीटखाली अशी थरथर, की डॅशबोर्डवरचा गणपती प्रदक्षिणा घालायला लागला. टायर बॅलन्स केले, प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा फिरता नळा) बॅलन्स करून आणला, त्याच्या टोकांचे दोन्ही क्रॉस, म्हणजे वळते सांधे, नवे टाकले. फरक शून्य. मग गॅरेजवाल्याने पाट्यावर २ अंशांच्या पाचरा घालून पिनियनचं (ॲक्सलमधला, शाफ्ट जोडतो तो दांडा) तोंड वर, ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) केलं. थरथर वाढली!

माझं म्हणणं, तोंड वर करणं हीच चूक. आपला शाफ्ट साधा, दोन टोकांना एकेक क्रॉस. क्रॉस कोनात फिरला की पुढची बाजू एका चालीने फिरत असली तरी मागची प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळते आणि दोनदा रेंगाळते. १० अंशांना हा फरक दीड टक्का वर, दीड टक्का खाली. मागचा क्रॉस नेमका तेवढ्याच कोनात असेल तरच हिशेब फिटतो. म्हणजे ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि पिनियन समांतर हवेत. पिनियन खाली घ्यायचं ठरवतोय. पटत नसेल तर बोला.

मिरजेचा मिस्त्री:
नाही पटत. समांतर केलंस तरी दोन्हीकडचे कोन मोठेच. पिनियन एका चालीने फिरेल, पण मधला नळा पळत-रेंगाळतच राहणार, त्याचा धक्का चासीला बसणारच. मूळ कोन कमी कर. केस १ इंच खाली घे. माझ्या महिंद्रा ५४० जीपला केलंय, तीन पावसाळे झाले.

यवतेश्वरचं वळण:
दादा, ५४० ची केस गिअरबॉक्सला चिकटलेली. जिप्सीची वेगळी टांगलेली, मध्ये आखूड शाफ्ट. तो समजा २५० मिमी असला आणि केस २५ मिमी खाली आली, तर तिथे जवळजवळ ६ अंश नवे तयार होतात. मागचं दुखणं पुढे नेल्यासारखं. शिवाय उचलून मिळवलेल्या उंचीतली इंचभर पोटाखालून परत द्यायची? मग उचलली कशाला?

कऱ्हाडी:
तेच विचारायला आलो होतो. उचललीच कशाला? मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ वाचा एकदा. कंपनीने दिली तशी चालवली असती तर गणपतीबाप्पा जागेवर असते.

जतचा धुरळा:
तोंड वर करणं चूक कसं म्हणता राव? माझ्या गाडीला तेच केलंय, लोण्यासारखी चालतीय. ९० ला चहाचा कप ठेवा बॉनेटवर.

मिरजेचा मिस्त्री:
तुझ्या शाफ्टला केसच्या बाजूला एक क्रॉस आहे का दोन?

जतचा धुरळा:
दोन. शेजारी-शेजारी.

मिरजेचा मिस्त्री:
मग तुझं बरोबर आणि त्याचंही बरोबर. जोडक्रॉस असला की ते दोघे आपसातच हिशेब फेडतात, पिनियनने सरळ केसकडे बघायचं. उलट १-२ अंश खालीच ठेवायचं, कारण ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि तोंड आपोआप वर येतं. त्याच्या गॅरेजवाल्याने तुझ्यासारख्या गाडीचं औषध याला दिलं.

कृष्णाकाठ:
कोनांवर भांडण्याआधी एक बघा. शाफ्ट बॅलन्सला गेला होता म्हणजे स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) उघडली असणार. परत बसवताना दात चुकले तर दोन टोकांचे योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत. मग कोन कितीही जुळवा, थरथर जात नाही. आणि मोजताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर मोजलेल्या कोनाला अर्थ नाही.

यवतेश्वरचं वळण:
आत्ता खाली घुसून आलो, पाठीला ग्रीस घेऊन. योक रेषेत आहेत. केसचा शाफ्ट मागे २ अंश उतरता, प्रोपेलर शाफ्ट १२ अंश उतरता, पिनियनचं तोंड ६ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसला १० अंश, मागच्याला ६. चार अंशांचा घोळ! त्यातले २ पाचरांचे. उरलेले २ लांब शॅकलचे असणार, कारण मागचं टोक खाली गेलं की पिनियन वर होतं.

मिरजेचा मिस्त्री:
घोळ आहे, कबूल. एका अंशाच्या आत पाहिजे. पण तू दोन्हीकडे १० करणार, आणि हायवेला पळणाऱ्या शाफ्टला ३ च्या आत बरे असतात. क्रॉस खाशील. पैसे जमव, जोडक्रॉसचा शाफ्ट बनवून घे.

यवतेश्वरचं वळण:
पैसे शॅकलमध्ये गेले. आत्ता पाचरा काढून नव्या उलट्या आणतो.

कृष्णाकाठ:
नव्या कशाला? त्याच फिरवून घाल. २ वर होत्या त्या २ खाली झाल्या, म्हणजे ४ चा फरक. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, म्हणून जाड बाजू मागे. पाटा वर घेतलेल्या गाड्यांना उलटं. ॲल्युमिनियमच्या असतील तर मात्र टाकून दे, फुटतात. यू-बोल्ट थोडं चालवून पुन्हा आवळ.

यवतेश्वरचं वळण:
(रविवारी) फिरवल्या. लोखंडीच होत्या. लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो. ६० ते ७५ ची थरथर गेली. ८० च्या पुढे बारीक घूं-घूं ऐकू येते.

मिरजेचा मिस्त्री:
ते तुझे १० अंश.

कऱ्हाडी:
आणि ते कलम ५२.