वेल्डिंगचा धूर पाण्याच्या मिस्टने फिल्टर होतो का?

प्रश्न:
शेड लहान आहे, दिवसभर मिग (गॅसच्या आच्छादनात तार वितळवून करायचं वेल्डिंग) चालतं, अधूनमधून स्टेनलेसचं काम पण असतं. एक्झॉस्ट फॅन धूर ओढतो पण तो सरळ शेजारच्यांच्या खिडकीत. विचार असा आहे की डक्टमधे मिस्टचे नोझल बसवायचे, धूर पाण्याला चिकटून खाली टाकीत येईल, तेच पाणी पंपाने परत वर, फिल्टर बदलायची कटकटच नाही. कुणी केलंय का असं?

उत्तर १:
ग्राइंडिंगची धूळ असती तर हो म्हटलं असतं, ती जाड असते. वेल्डिंगच्या धुराचे बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि मिस्टचा थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे नदीतल्या दगडाला वळसा घालून पाचोळा जातो तसा कण हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निघून जातो, आदळतच नाही. व्हेंच्युरी स्क्रबरमधे अरुंद गळ्यातून हवा प्रचंड वेगाने ओढतात म्हणून तिथे बारीक कणही सापडतात, पण तेवढा दाब साध्या फॅनच्या आवाक्यातला नाही.

उत्तर २:
स्टेनलेस म्हणालात म्हणून लिहितोय, हे हलक्यात घेऊ नका. त्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, कॅन्सर होतो त्याने, आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणजे टाकीतलं पाणी विषारी, गटारात सोडता येणार नाही. तेच पाणी फिरवत राहिलात आणि पुढे थेंब अडवायची सोय नसली तर बारीक तुषार हवेबरोबर पुन्हा बाहेर, त्याच खिडकीत. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड तर मिस्टने जवळपास अडतच नाहीत. २०१७ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने वेल्डिंगचा सगळाच धूर, साध्या लोखंडाचा सुद्धा, पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारा.

प्रश्नकर्ता:
बापरे, पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मग करायचं काय?

उत्तर १:
धूर शेडभर पसरायच्या आधी जागेवरच ओढा. हलवता येणारा आर्म (धूर ओढायची नळी) घ्या, त्याचं तोंड आर्कपासून, म्हणजे वेल्डिंगची ज्योत पेटते तिथून, तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरात ठेवा, लांब गेलं की ओढ झपकन पडते. आर्कजवळ हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर पुरे, फार वाढवलात तर वेल्डला झाकणारा मिगचा गॅस उडतो आणि वेल्डमधे छिद्रं पडतात. पुढे ठिणग्या अडवायला जाळी, मग कार्ट्रिज फिल्टर, स्टेनलेससाठी त्यामागे हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा फिल्टर.

उत्तर २:
आणि तोंड बाजूला ठेवा, डोक्यावर नको, नाहीतर धूर वर जाताना आधी वेल्डरच्या नाकासमोरून जातो. फिल्टर साफ करताना झटकू नका, मास्क घालून पिशवीत बांधा.