मदत हवी आहे: 'सिम्प्सन्स'च्या मोनोरेलवाल्या भागातले संदर्भ

'द सिम्प्सन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा १९९३ सालचा 'मार्ज व्हर्सेस द मोनोरेल' हा भाग भाचीला दाखवायचाय. लाइल लॅनली नावाचा भामटा गाणं म्हणत अख्ख्या स्प्रिंगफिल्डच्या गळ्यात मोनोरेल मारतो, तो प्रसंग 'द म्युझिक मॅन' या ब्रॉडवे संगीतिकेवर बेतलाय. तिथला ठकसेन गावाला बँडची वाद्यं आणि गणवेश विकतो. शिवाय 'स्टार ट्रेक'मध्ये स्पॉक झालेला नट लिओनार्ड निमॉय स्वतःच्याच आवाजात येतो आणि महापौर त्याला चक्क 'स्टार वॉर्स'मधलं वाक्य ऐकवतो! मला हा विनोद फार आवडतो, पण भाचीने 'स्टार ट्रेक' पाहिलेलंच नाही. तिला आधी त्यातला कोणता भाग दाखवू? आणि संगीतिकेवरच्या १९६२ च्या चित्रपटातलं नेमकं कोणतं गाणं? जाणकारांनी प्लीज सांगा.