वंशावळीत गयाआत्याचं नाव छापायचं की नाही?

गोदाकाठ
कुणबी नोंदी शोधायचं वारं सुटलं तेव्हा आमच्या भावकीनेही दफ्तरं उपसली. 1954-55 च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदवहीत, भलतंच निघालं. सहा एकर बारा गुंठे कुणा गयाबाईच्या नावावर! नावापुढे ‘भ्र.’ (भ्रतार, म्हणजे नवरा) नाही, थेट खापरपणजोबांचं नाव. म्हणजे सून नव्हे, लेक. त्याआधीचा उर्दू कागद गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी वाचून दिला: तालुका मोमिनाबाद, फसली 1344. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई हे कळायला अर्धा दिवस गेला, फसली म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल आणि त्यात 590 मिळवायचे हे कळायला दुसरा अर्धा. 1934 सालीही शेतसारा तीच भरत होती.

आत्याआजीला (वय 86) विचारलं. “गयाआत्या व्हय? रझाकारीत तिनंच तर आम्हाला बार्शीला नेलं. गाडीत ज्वारीच्या पोत्याआड बसवलं होतं मला. शिंकू नको म्हणायची.” लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, मूलबाळ नाही.

आता वंशावळ छापायला चालली आहे आणि काका म्हणतात, तिचं नाव नको. मी म्हणतो, हवंच.

बांधावरचा
काकांचं ऐका, दादा. आमच्याकडे असंच एक नाव निघालं, तर चुलत्याने तिसऱ्या दिवशी वकील गाठला. पाच वर्षं झाली, दिवाळीला एकमेकांच्या दारात पाऊल नाही. नाव मनात ठेवा, कागदावर कशाला?

तारीखपेतारीख
बांधावरचे भाऊ, वकिली करतो म्हणून सांगतो. बाई 1956 च्या वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करता वारली असेल, मूलबाळ नसेल आणि जमीन बापाकडून वारशाने आलेली असेल, तर ती बापाच्याच वारसांकडे जाते. म्हणजे यांच्याच भावकीत. वंशावळीच्या छापील पानाने मालकी ठरत नाही. तंटा करणारा बांधाच्या दगडावरूनही करतो.

बांधावरचा
कायदा तुमचा बरोबर असेल, वकीलसाहेब. पण वकील गाठायच्या आधी कायदा वाचतो कोण? पहिली तारीख पडली की घर फुटलंच.

जुनंजाणतं
मला वेगळंच खटकतंय. वंशावळ म्हणजे पुरुषांची साखळी, पिढ्यानपिढ्या हीच रीत. लेक सासरच्या वंशावळीत जाते. उद्या प्रत्येक आत्या, मावशी लिहायची म्हटली तर कागद पुरेल का? गयाबाईबद्दल आदर आहे, पण रीत ती रीत.

चुलीपुढची
काका, सासरच्या वंशावळीत तरी असते का हो ती? आमच्या घरच्या भिंतीवर टांगलीय, सात पिढ्यांची. एकाही बाईचं नाव नाही. माझ्या सासूबाई रोज तिच्यावरची धूळ पुसतात.

जुनंजाणतं
ताई, रीत मी नाही घातली.

चुलीपुढची
मोडायला तुम्हीच लागता.

गोदाकाठ
बांधावरचे, तुमचं दुखणं खोटं नाही. म्हणूनच जमिनीचा आकडा छापणार नाही, फक्त नाव. काल छापखान्यात गेलो होतो. कच्चं पान पाहिलं, सगळ्या चौकटी बापाकडून मुलाकडे. बहिणीसाठी रेघच नाही. पोरगा म्हणाला, “आडवी रेघ मारावी लागेल, साहेब, पणजोबांच्या शेजारी.” मारून घेतली. काकांना अजून दाखवलेलं नाही. आत्याआजीला दाखवलं. तिला वाचता येत नाही, चौकटीवर बोट ठेवून बसली बराच वेळ.