मराठी वृत्तस्थळांवर ॲडब्लॉकर वापरणे गैर आहे का?

धागालेखक:
‘कृपया ॲडब्लॉकर बंद करा’ अशी चौकट मराठी वृत्तस्थळांवर दिसू लागल्यापासून तो (म्हणजे पानावरच्या जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर) वापरणारा वाचक फुकट्या ठरू लागला आहे. मला हा आरोप मान्य नाही. जाहिरातीला माझा विरोध नाही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आपण आवडीने वाचत आलो. पण मी कोण, कुठे राहतो आणि काल काय शोधत होतो, हे ती जाहिरात देणाऱ्याला ठाऊक नसे. आज पान उघडताच माझे अंदाजे ठिकाण, फोनचा प्रकार आणि आधी पाहिलेल्या पानांवरून बांधलेले आडाखे अनेक कंपन्यांकडे जातात आणि पानावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव सेकंदाच्या काही अंशात उरकतो. लिलाव एकच जिंकतो, माहिती मात्र बोली लावायला बसलेल्या सगळ्यांच्या हाती पडते. यासाठी वाचकाची संमती नोंदवण्याची युरोपातील जाहिरात उद्योगाची सामाईक पद्धत बेल्जियमच्या विदा-संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियमबाह्य ठरवली आणि ती चालवणाऱ्या संघटनेला अडीच लाख युरोंचा दंड केला.

वडील फोनवर जिल्हा परिषदेची बातमी वाचत असतात तेव्हा मी शेजारी बसून पाहतो. दुसऱ्या परिच्छेदानंतर व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तो बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी असते, बोट जाहिरातीवर पडते आणि ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे बजावणारे पान उघडते. बनावट जाहिरातींतून होणारी फसवणूक पाहून अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना ॲडब्लॉकर वापरण्याची सूचना केली होती. मग वडिलांच्या फोनवर तो बसवला, यात गैर काय?

प्रतिसाद १ (एका तालुक्यातील वृत्तस्थळाची संपादक):
तुमच्या वडिलांनी वाचलेली जिल्हा परिषदेची बातमी कोणीतरी सभेला पाच तास बसून लिहिलेली असते, एवढे आधी लक्षात घ्या. मराठी वाचक बातमीसाठी ऑनलाइन वर्गणी भरत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. आवाहन केले की शाबासकी भरपूर मिळते, पैसे येत नाहीत. पूर्वी दिवाळीला गावातला कापड दुकानदार आम्हाला जाहिरात द्यायचा, आता तोच दुकानदार समाजमाध्यमावर स्वतःची पोस्ट ‘बूस्ट’ करतो, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवतो, आणि त्याचे पैसे थेट मोठ्या कंपनीकडे जातात. उरतो तो तुम्ही वर्णन केलेला लिलाव. त्यातून मराठी पानाला मिळणारा दर इंग्रजी पानापेक्षा बराच कमी असतो, म्हणून दहावीच्या निकालासारख्या गर्दीच्या दिवशी जेवढे मिळेल तेवढे आम्ही पदरात पाडून घेतो. व्हिडिओ आपोआप सुरू होणे मलाही पटत नाही. पण तुम्ही जे बंद करता त्याने लिलाव चालवणाऱ्या कंपनीचे काही अडत नाही. अडतो तो आमच्या वार्ताहराचा पगार.

प्रतिसाद २:
संपादकबाईंशी मी सहमत आहे, आणि त्यात एक भर घालतो. ब्लॉकर म्हणजे वाचकाचा निःस्वार्थी रखवालदार, हा समज तपासून पाहावा. ॲडब्लॉक प्लस या ब्लॉकरने २०११ पासून न अडवायच्या ‘स्वीकारार्ह जाहिराती’ अशी यादी ठेवली, आणि त्या यादीसाठी मोठ्या जाहिरात कंपन्यांकडून शुल्क घेतले जाते. म्हणजे वाटेत आणखी एक नाका बसला. ब्लॉकर लोकांना उपलब्ध करून देणे बेकायदा नाही, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये दिला हे खरे, पण जे कायदेशीर ते न्याय्यही असते असे नाही.

धागालेखक:
नाक्याचा मुद्दा योग्य आहे. यूब्लॉक ओरिजिनसारखा, कोणाकडूनही शुल्क न घेणारा पर्याय उपलब्ध आहे, म्हणून मी तोच वापरतो. पण वार्ताहराचा पगार वाचकाने अडवला, हे मी मान्य करणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने गूगलने प्रकाशकांच्या जाहिरात-सर्व्हरच्या (पानावर कोणती जाहिरात दिसावी हे सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) आणि जाहिरात-लिलावाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला, आणि या लिलावावर गूगल साधारण २० टक्के घेते हेही त्याच खटल्यात समोर आले. पगार तिथे अडला आहे. तुमचा राग माझ्या वडिलांवर नव्हे, त्या दलालीवर हवा.

शिवाय मार्ग आहे. दुकानदाराची जाहिरात साध्या चित्राच्या रूपात तुमच्याच सर्व्हरवरून दाखवा. ब्लॉकर प्रामुख्याने ठरावीक पत्त्यांच्या आणि नावांच्या याद्या पाहून अडवतात, त्यामुळे असे चित्र बहुधा दिसते. वाचकाची माहितीही कुठे जात नाही. अशी जाहिरात मी आनंदाने पाहीन.

प्रतिसाद १ (संपादक):
ते आम्ही केले आहे. एका दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात मुखपृष्ठावर तशीच लावली होती. महिनाअखेर मालकाने विचारले, किती जणांनी पाहिली, त्यांत बायका किती, आणि आपल्या गावातल्या किती? बूस्ट केल्यावर त्याला हे सगळे फोनवर आकड्यांत दिसते. वाचकावर पाळत न ठेवता मी त्याला ते सांगू शकत नव्हते, आणि पाळत ठेवायची माझी इच्छाही नव्हती. त्याने पुढच्या महिन्याची जाहिरात दिली नाही. दलालीवर माझा रागच आहे, पण तो निकाल अमेरिकेतला आहे आणि दुकान आमच्या बाजारपेठेत. तुम्हाला तशी जाहिरात खरोखर चालत असेल, तर दुकानात जाल तेव्हा ती कुठे पाहिली हे मालकाला आवर्जून सांगा. त्याला पटेल असा आकडा माझ्याकडे दुसरा नाही.