मदत हवी: वापरलेला सिस्को २९६०-एस घरी लावायचाय, पंख्यांचा आवाज आणि जुना पासवर्ड

गच्चीवरचा (धागाकर्ता)

स्विच: सिस्को कॅटलिस्ट २९६०-एस, २४ गिगाबिट पोर्ट, पीओई (नेटच्या केबलीतूनच उपकरणाला वीज), ३७० वॅटवाला. कुठल्यातरी ऑफिसातून सुटलेला माल आहे.
जागा: पुण्यातला फ्लॅट. हॉलमध्ये टीव्हीखालचं लाकडी कपाट, मागून उघडं.
जोडायचं: ४ पीओई कॅमेरे, २ अ‍ॅक्सेस पॉइंट, एक एनएएस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा), दोन पीसी, टीव्ही. राउटर वेगळा आहे, ओएनटीच्या (फायबरच्या डब्याच्या) पुढे.

अडचणी अशा:
१. कन्सोलवर (केबल लावून स्विच सेट करायच्या पोर्टवर) युजरनेम-पासवर्ड विचारतो. विकणाऱ्याकडे पासवर्ड नाही.
२. एका लॅपटॉपवर यूएसबी-सीरियल केबल चालतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १०.
३. चालू करताना पंखे किंचाळतात, दोनेक मिनिटांनी उतरतात. तरी टीव्ही बंद असला की हॉलभर ऐकू येतात. नोक्टुआचे ४० मिमी पंखे टाकून काम होईल का? झाकण अजून उघडलेलं नाही.

---

रोलओव्हर

आधी १ आणि २ उरकू. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

कोड १० म्हणजे बहुतेक वेळा प्रोलिफिकच्या चिपची नक्कल. कंपनीचा नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून मुद्दाम नकार देतो. जुना ड्रायव्हर टाकून चालवता येते, पण विंडोज अपडेट झालं की पुन्हा तेच. एफटीडीआय चिपची केबल घ्या आणि मोकळे व्हा. किंवा स्विचवर मिनी-यूएसबीचा कन्सोल पोर्ट आहे, तो वापरा. त्याला सिस्कोचा वेगळा ड्रायव्हर लागतो. सेटिंग: ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. फ्लो कंट्रोल चालू राहिला तर अक्षरं दिसतात पण तुम्ही टाइप केलेलं पोचत नाही, आणि माणूस उगाच केबलला दोष देत बसतो.

पासवर्ड:
- वीज काढा. पुढचं मोड बटण दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच वीज द्या.
- ‘सिस्ट’ लिहिलेला दिवा हिरवा लुकलुकेल. बटण सोडू नका. तो दिवा क्षणभर अंबर (केशरी) होऊन मग स्थिर हिरवा झाला की सोडा.
- ‘स्विच:’ असा प्रॉम्प्ट येईल. ‘फ्लॅश_इनिट’ द्या, मग ‘डिर फ्लॅश:’ देऊन काय काय आहे ते पाहून घ्या.
- ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ या फाइलचं नाव ‘रिनेम’ने बदला आणि ‘बूट’ द्या.
- वर आल्यावर सेटअपचा प्रश्न विचारेल, ‘नो’ म्हणा. इनेबल मोडला (सगळे अधिकार देणाऱ्या मोडला) जा.

पासवर्ड रिकव्हरी बंद आहे असा संदेश आला तर घाबरू नका. सगळं पुसून कोरा करू का, असं तो विचारतो. तुम्हाला तेच हवंय.

आता खरी मेख. व्हीलॅनची (एकाच स्विचवर केलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) यादी कॉन्फिगमध्ये नसते, ‘व्हीलॅन.डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. नुसतं ‘राइट इरेज’ केलंत तर आधीच्या ऑफिसचे व्हीलॅन आणि व्हीटीपी डोमेन (व्हीलॅनची यादी वाटून घेणाऱ्या स्विचांचा गट) तसंच राहतं. म्हणून ‘राइट इरेज’, मग ‘डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट’, मग ‘रीलोड’. रीलोड करताना सेव्ह करू का विचारलं तर ‘नो’.

‘फॉरमॅट फ्लॅश:’ किंवा ‘इरेज फ्लॅश:’ मात्र चुकूनही नको. त्यात आयओएसच (स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम) जातं. मग कन्सोलवरून एक्समोडेमने (सीरियल केबलीवरून फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने) फाइल चढवावी लागते. ११ एमबीची इमेज धरली तर ९६०० बॉडवर तीन तासांहून जास्त. बूटलोडरमध्ये बॉड ११५२०० केला तर पंधरा-वीस मिनिटांत होतं. इमेज तुमच्याकडे असेल तर, हे वेगळं सांगायला नको.

---

उष्मांक

पंख्यांबद्दल. नोक्टुआ टाका असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि निम्म्या लोकांना ते लागू पडत नाही.

१यू (रॅकमधला एक खण) म्हणजे ४४.४५ मिमी उंची, त्यात पंखा ४० मिमीचाच बसतो. त्या आकारात हवा ढकलायची तर वेग लागतो. मूळ पंखे बऱ्याचदा २८ मिमी जाडीचे आणि दहा हजारांच्या आसपास फेऱ्यांचे असतात. नोक्टुआचा ४०×२० मिमी पंखा ५००० फेऱ्यांचा, ताशी ९.४ घनमीटर हवा, दाब २.२६ मिमी पाणी. आवाज १४.९ डेसिबल, हे खरंच सुंदर आहे. पण हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात घटतो आणि दाब वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे अर्ध्या वेगाला पाव दाब. हीटसिंक आणि पॉवर सप्लायच्या अरुंद फटींतून हवा ओढायला दाबच लागतो. मोकळ्या हवेतला आकडा पाहून भुलू नका.

म्हणून क्रम असा ठेवा.

आवाज कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा. सूं-सूं म्हणजे हवा. घरघर किंवा खरखर म्हणजे बेअरिंग गेलंय. लाकडी फळीतून गुणगुण येत असेल तर कंपन आहे. त्याला चार रबरी पाय पुरतात, आणि रॅकचे कान (बाजूच्या स्क्रूच्या पट्ट्या) काढून ठेवा.

मग ‘शो एन्व्ह ऑल’ पाहा. त्यात पंखे ठीक आहेत का आणि तापमान किती ते येतं. ‘शो एन्व्ह टेम्परेचर स्टेटस’मध्ये पिवळी आणि लाल मर्यादाही छापून येतात. तुमच्या स्विचची मर्यादा तीच धरा, दुसऱ्या मॉडेलचे आकडे नकोत.

पीओईने स्विच तापतो हे अर्धसत्य आहे. कॅमेऱ्याला दिलेले ६ वॅट कॅमेऱ्यात उष्णता होतात. स्विचमध्ये राहतो तो फक्त रूपांतरणातला तोटा. चार कॅमेरे आणि दोन अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून ५० वॅट धरले तरी ३७० च्या मानाने किरकोळ. तरीही ज्या पोर्टांवर पीओई नको तिथे ‘पॉवर इनलाइन नेव्हर’ टाका आणि रिकामे पोर्ट ‘शटडाउन’ करा. फार वाचत नाही, पण फुकट आहे.

पंख्याला हात घालायचाच तर:

वीज काढून निदान दहा मिनिटं थांबा. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. पॉवर सप्लायच्या बोर्डाकडे बोट न्यायचं कारण नाही. पीओईचे ५४ व्होल्टही तिथेच आसपास असतात.

कनेक्टरच्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. नोक्टुआत काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी फेऱ्यांची खूण, निळी पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारी). बऱ्याच मूळ पंख्यांत पिवळी म्हणजे फेऱ्यांची खूण आणि लाल म्हणजे १२ व्होल्ट. रंग पाहून जोडलंत तर १२ व्होल्ट सेन्सरच्या पिनेत जातील. मल्टीमीटर लावा.

तिसरी तार दोन प्रकारची असू शकते. टॅको (फेऱ्या मोजणारी) असेल तर प्रत्येक फेरीला दोन पल्स. ‘रोटर अडकला’ सांगणारी असेल तर फिरताना स्थिर शून्य आणि थांबल्यावर वर. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फिरत असताना डीसी मोडवर मोजा. टॅको सरासरी अर्धा व्होल्टेज दाखवेल, तारेला रेझिस्टरमधून ३.३ व्होल्ट (पुलअप) दिलेले असतील तर दीडच्या आसपास. दुसरी जवळपास शून्य दाखवेल. टॅकोचा वेग स्विचच्या किमान मर्यादेखाली गेला की पंखा मेला असं समजून अंबर दिवा आणि लॉगमध्ये तक्रार. काही मॉडेल उरलेले पंखे पूर्ण वेगाने पळवतात. गंमत म्हणजे मग आवाज आधीपेक्षा वाढतो.

मूळ पंखा ठेवून त्याच्या १२ व्होल्टच्या तारेत १एन४००७ डायोड घालणं हा माझ्या मते जास्त शहाणा उपाय. एक डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो. चार घातले की पंख्याला नऊच्या आसपास मिळतात. वेग पाऊण होतो आणि आवाज अंदाजे ६ डेसिबल उतरतो. पण हे पंख्याला सतत १२ व्होल्ट मिळत असतील तरच. स्विच स्वतः व्होल्टेज कमी-जास्त करत असेल तर मंद वेगाला पंखा अडकेल. झाकण उघडून दोन्ही मोजमापं द्या, मग बोलू.

---

पोर्ट२४

सेटअपमधल्या खाचा, थोडक्यात.

पीसी लावल्यावर अर्धा मिनिट नेट येत नाही ही तक्रार येणारच. स्पॅनिंग ट्री (केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी सोय) ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ सेकंद घालवते, तोवर पीसी डीएचसीपीचा (राउटरकडून पत्ता मागण्याचा) नाद सोडून १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो. पीसी, टीव्ही, कॅमेरा यांच्या पोर्टांवर ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट’ द्या, म्हणजे ही थांबण्याची वेळ टळते. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर नको.

पोर्टफास्टसोबत बीपीडीयू गार्ड (दुसऱ्या स्विचचा स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला की पोर्ट बंद करणारी राखण) लावलात आणि कुणी त्या पोर्टात दुसरा मॅनेज्ड स्विच खोचला तर पोर्ट ‘एरर-डिसेबल’ होतो. ‘शट’, ‘नो शट’ करून परत आणा.

कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन द्या, पण एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायची वाट आणि फायरवॉल राउटरवर ठेवा. हा स्विच नॅट (घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यावरून नेटला जोडणं) करत नाही, त्यामुळे राउटरची जागा घेणार नाही.

‘नो व्हीस्टॅक’ नक्की द्या. स्मार्ट इन्स्टॉल नावाची (नवा स्विच लांबून सेट करायची) सोय पोर्ट ४७८६ वर उघडी असते आणि २०१८ मध्ये त्यात गंभीर भोक सापडलं, सीव्हीई-२०१८-०१७१. ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि त्याचा सिक्युअर भाऊही बंद. वेब पान जुनं आहे, आजचे ब्राउझर त्याला धड उघडतही नाहीत.

एसएसएचसाठी (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनसाठी) २०४८ बिटांची आरएसए की आणि व्हर्जन २. ओपनएसएसएच ८.८ पासून जुनी ‘एसएसएच-आरएसए’ सही मुळातच बंद आहे. जोडणी नाकारली तर स्विचला दोष देऊ नका. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये फक्त या एका पत्त्यापुरती ती परत चालू करा.

घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेली की लॉगमध्ये १ मार्च, साल १९९३. ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ आणि एक एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर द्या.

एसएफपी (फायबर जोडायचा खोचण्याचा तुकडा) परका म्हणून नाकारला तर ‘सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’. ही कमांड मदतीच्या यादीत दिसत नाही, पूर्ण टाइप करावी लागते.

हे सगळं झालं की ‘राइट मेमरी’. एवढं करून पहिल्या लोडशेडिंगला सगळं घालवणारे कमी नाहीत.

---

गच्चीवरचा (धागाकर्ता)

पासवर्ड गेला, व्हीलॅन.डॅटमध्ये खरोखरच जुने व्हीलॅन होते, तेही गेले. पोर्टफास्टने टीव्हीची तक्रार मिटली.

मोजमापं: पंखे तीन तारांचे, ४० मिमी. चालू करताना १२ व्होल्ट, उतरल्यावर ७.४. तिसऱ्या तारेवर फिरताना १.६. घरघर नाही, फक्त हवेचा आवाज. स्विचच्या अंगाला हात लावला की मात्र कधीकधी झिणझिण्या येतात.

---

उष्मांक

१.६ म्हणजे टॅको. ७.४ म्हणजे स्विच स्वतःच वेग सांभाळतोय. इथे डायोड नकोत. तीन डायोडांनी ५.३ वर याल आणि बरेच १२ व्होल्टचे पंखे त्याच्या आसपास सुरूच होत नाहीत. नोक्टुआ लावलात तर ७.४ व्होल्टला साधारण ३१०० फेऱ्या. टॅको मर्यादेखाली जाण्याची शक्यता दाट आणि हवा नावापुरती. तुमच्या बाबतीत पंखा बदलू नका, जागा बदला.

झिणझिण्यांचा पंख्याशी संबंध नाही. ईएमआय फिल्टरचे (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागाचे) कपॅसिटर स्विचच्या धातूच्या अंगाशी जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की थोडा करंट त्या अंगावर राहतो. कपाटातला एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर आहे का पाहा. इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि तोवर स्विच बंद ठेवा.

---

गच्चीवरचा (धागाकर्ता)

अ‍ॅडॉप्टरच होता, काढला. सॉकेटला अर्थिंग आहे, तपासून घेतलं. आता झिणझिण्या नाहीत. जागेचे दोन पर्याय: पॅसेजवरचा माळा किंवा ड्राय बाल्कनी.

---

तपकीरगल्ली

ड्राय बाल्कनी नको. वॉशिंग मशीनची वाफ, पावसाळ्याची दमट हवा आणि जाळीतून आत शिरणारी झुरळं. पीओईच्या ५४ व्होल्टला ओलावा लागला की पिना हिरव्या पडतात.

माळा चालेल. पण दार लावून घेतलंत तर हवा कोंडेल. दारात खाली आणि वर जाळी बसवा. पंख्याची हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते ते उदबत्तीच्या धुराने पाहा, त्या दोन्ही बाजूंना १० सेंमी मोकळे ठेवा. गाद्या-उशांच्या शेजारी नको, कापसाचं तूस सरळ आत जातं.

कपाटात टीव्हीसाठी बिनपंख्याचा साधा ५ पोर्टचा स्विच ठेवा आणि माळ्यावर एकच कॅट ६ केबल न्या. पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलीवर पीओई कॅमेरे रात्री इन्फ्रारेड चालू झाले की रीस्टार्ट होतात.

माळ्यावरही आवाज नको असेल तर हा विकून ३५६०-सीएक्स किंवा २९६०एक्स-२४पीएसक्यू शोधा. दोन्हींत पंखाच नाही. दुसऱ्यात पीओई फक्त ८ पोर्टांवर, एकूण ११० वॅट. तुमच्या सहा उपकरणांना पुरतं.

---

उष्मांक

विजेचाही हिशोब करा. प्लगच्या मीटरवर ४५ वॅट दिसले तर महिन्याला ३२ युनिट.

आणि तापमान आज पाहून समाधान मानू नका. माळ्यावरची हवा मे महिन्यात दुपारी ४० च्या पुढे जाऊ शकते. सगळे कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट जोडून, माळ्याचं दार लावून, दुपारी दोन ते चार दर अर्ध्या तासाने ‘शो एन्व्ह टेम्परेचर स्टेटस’ पाहा. पिवळ्या मर्यादेच्या १० अंश खाली राहिलं तर तसंच चालू द्या. त्याहून वर चढलं तर दाराला १२० मिमीचा एक पंखा बाहेरच्या दिशेने लावून ७ व्होल्टवर चालवा. तो मोठा असल्याने ऐकूही येणार नाही आणि स्विचच्या आत काही बदलावं लागणार नाही.